नारळी पौर्णिमेला लिहिलेला भूकंप

रेणखेडच्या मारुतीसमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पेडगावचे लोक चालत आले होते, पोखर्णीहून एक जीप भरून आली होती आणि गावातली माणसं तर चुलीवरचा चहा उतरवून पळत सुटली होती. सभामंडपात उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. मधोमध चौरंग, चौरंगावर लाल कापड आणि कापडावर संगणक. त्याच्या काचेवर कोणीतरी हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली होती. डोक्यावर झेंडूचा हार होता आणि हाराची दोन टोकं खाली बटणांवर लोंबत होती.

"नारळ लांब फोडा रे, लांब," यंत्रनाथ महाराज खेकसले आणि छाटीच्या टोकानं बटणं पुसू लागले. त्रिकाळ जाणणाऱ्या देवाला नारळाच्या पाण्याचं एवढं भय का, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

दिनकररावांनाही सुचलं नाही. ते जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. सव्वीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत आलेला माणूस, पण त्या दिवशी पहिल्या रांगेत चप्पल काढून उभा होता. तो आपणहून आला नव्हता, त्याला बोलावणं गेलं होतं.

"वत्सांनो," महाराज म्हणाले, "सत्ययुगात भूर्जपत्र होतं. त्रेतायुगात ताम्रपट होता. कलियुगात देवानं फ्लॉपी दिली. या पेटीत काळ साठवलेला आहे. पेटी स्वतः लिहिते, स्वतः तारीख घालते. ती तारीख मनुष्याच्या हातची नाही. आम्ही फक्त पडदा उघडतो. गुरुजी, पुढं या. शिकलेल्या माणसानं वाचावं. आम्ही वाचलं तर लोक म्हणतील, बाबानं पदरचं घातलं."

दिनकररावांनी चष्मा पुसला आणि काचेजवळ वाकले. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं होती. डावीकडे फाईलचं नाव, उजवीकडे तारीख आणि वेळ. त्यांनी वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं, "गंजी. चोवीस ऑक्टोबर त्र्याण्णव. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं."

"दसरा," मागून कोणीतरी म्हणालं. "दसऱ्याच्या दिशीच लिवलं व्हतं."

महाराजांनी एक बटण दाबलं. काचेवर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली. दिनकररावांनी तीही वाचली, "आबासाहेबांची गंजी जळेल. पेटवणारा हात गायरानाच्या कडेच्या घरातला."

ती कडब्याची गंजी आदल्याच दिवशी भर दुपारी जळाली होती. गावातल्या सगळ्यांनी धूर पाहिला होता, निम्म्यांनी बादल्या वाहिल्या होत्या. आणि गायरानाच्या कडेला घर होतं एकच. आश्रुबाचं.

आश्रुबा पायऱ्यांच्या खाली उभा होता. बौद्धवाड्यातून दोन वर्षांपूर्वी तो गायरानाच्या कडेला राहायला गेला होता. "म्या काल पेडगावला व्हतो," तो म्हणाला. "बैल दाखवायला नेला व्हता. इचारा कुनालाबी."

"पेटीत लिवलंय ते खोटं, अन् तू बोलतो ते खरं काय?" आबासाहेब म्हणाले. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, मंदिर त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेलं, महाराजांचं जेवणखाणही त्यांच्याच घरून. "आमी कुनावर हात टाकनार न्हाई. आमी काय राक्षस न्हाई. पन कार्तिकी पुनवेच्या आत ती जागा रिकामी झाली पायजे. तवर याला गावात काम न्हाई, दुकान न्हाई, गिरनी न्हाई. गुरुजीनी वाचलंय, सगळ्यांनी ऐकलंय."

गुरुजींनी वाचलंय. दिनकररावांना ते वाक्य तेव्हा फारसं टोचलं नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे. त्यांना चोरटं समाधानच वाटलं होतं, कारण गावात आपल्या वाचण्याला अजून किंमत आहे.

हे महाराज रेणखेडला आले ते आषाढी एकादशीला, चातुर्मास करायला. आबासाहेबांनी मंदिराला लागून असलेली खोली दिली. सुरुवातीला पेटी कापडाखाली असायची. "यंत्र समाधीत आहे" एवढंच ते सांगायचे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी खोलीला कुलूप लावून देवगाव फाट्याकडं भिक्षाफेरीला गेले ते पोळा झाल्यावरच परतले. कोणाला त्यांची आठवणही झाली नाही. मग गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. रेणखेडला भांडी वाजली, बाजा हलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव उघड्यावर झोपू लागलं. रोज एक नवी अफवा उठायची. अशा घाबरलेल्या लोकांसमोर तिसऱ्या दिवशी महाराजांनी कापड बाजूला केलं. "पेटीनं आधीच सांगितलं होतं. आम्ही नव्हतो, पेटी एकटी होती, एकटीनं लिहिलं." तेव्हाही वाचायला गुरुजीच होते. भूकंप, दोन ऑगस्ट. किल्लारीची माती अजून ओली असताना त्या मेलेल्या माणसांवर या भामट्यानं आपलं दुकान थाटलं होतं आणि दुकानाची पाटी दिनकररावांनी वाचून दाखवली होती.

वातावरण आधीच तापलेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पंधरा वर्षं धुमसत आला होता आणि त्या हिवाळ्यात पुन्हा पेटायच्या बेतात होता. बौद्धवाड्याकडं बोट दाखवायला काडीचं कारणही पुरत होतं. महाराजांनी ते कारण पेटीतून काढून दिलं. त्यांचा त्या घरावर रागही होता. आश्रुबाची बायको मालनबाई अंगणवाडीची सेविका होती आणि लेकरं घेऊन येणाऱ्या बायांना ती सांगायची की जुलाबाला महाराजांचा अंगारा चाटवू नका, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजा. त्यामुळं अंगाऱ्याचं गिऱ्हाईक घटलं होतं.

सोमवारी मालनबाई शाळेत आली. अंगणवाडी शाळेच्याच एका खोलीत भरायची, पण त्या दिवशी तिथं एकही लेकरू नव्हतं. आयांनी पाठवलीच नव्हती. ती दिनकररावांच्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"गुरुजी, एक इचारायचं हाय. भूकंपाची तारीख कोनची वाचली व्हती तुमी?"

"दोन ऑगस्ट. नारळी पौर्णिमा. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं."

"नारळी पुनव. बरं." तिनं बोटांवर मोजलं. "पंचमीला डीपीवर ईज पडली. नवा डीपी आला पोळ्याला. तवर गावात लाईट न्हवती. गिरनी बंद व्हती. म्या डोक्यावर ज्वारी घेऊन चार येळा पेडगावला दळून आनलं. तुमच्या घरचं दळन बी तिकडंच गेलं व्हतं, तुमची मंडळी माज्या संगं व्हती."

"हो. खरं आहे."

"मंग नारळी पुनवेला पेटी चालली कशावर?"

दिनकररावांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. त्या महिन्यात त्यांनी कंदिलाच्या उजेडात पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. गावातली प्रत्येक बाई पीठ आणायला पेडगावपर्यंत तंगडतोड करून आली होती. पाच-सहाशे माणसांचं गाव, सगळ्यांनी तो अंधार काढला होता आणि त्याच सगळ्यांनी माना डोलावत ती तारीख ऐकून घेतली होती. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे आलं नाही ते दळण वाहणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला सुचलं नाही, मालनबाई," ते म्हणाले.

"तुमाला कशाला सुचंल? घर आमचं जायलाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्याच संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी महाराजांना सगळ्यांदेखत विचारलं. महाराजांच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसला, कारण डीपी जळाला तेव्हा ते गावात नव्हतेच. पण असली माणसं मांजरासारखी चार पायांवर पडतात.

"गुरुजी, तुमच्या गिरणीला डीपी लागतो. परब्रह्माला डीपी लागत नाही," ते म्हणाले आणि मंडपात हशा पिकला.

"मंग परवा लाईट गेली तवा पेटी कामून बंद पडली?" दगडाबाईनं विचारलं. ती गिरणीवाल्या तात्यारावांची बायको, पोखर्णीची लेक आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारी.

"माता, देव विश्रांती घेतो तेव्हा त्याला हटकू नये."

पुन्हा हशा. दगडाबाई तेवढी हसली नाही. आबासाहेब दिनकररावांना खांबाआड घेऊन गेले. "गुरुजी, तुमी वाचायचं काम करा. शंका काढायचं काम तुमचं न्हाई. जिल्ह्याच्या पार टोकाला मास्तर लागायलेत म्हनं. बदलीची खबर आमाला आधी येती, म्हनून सांगतो."

दिनकरराव घरी गेले. एवढं त्यांना कळून चुकलं होतं की नुसता तर्क काढून उपयोग नाही. चमत्कारापुढं प्रश्न मांडला की लोक प्रश्नालाच हसतात. त्याच चमत्काराची फुटकी बाजू त्यांच्या डोळ्यांपुढं धरावी लागते आणि ती कुठं फुटली आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी परभणीची एसटी धरली. मालनबाईचा धाकटा भाऊ सूर्यभान तिथल्या एका कचेरीत संगणकावर बसून शेतकऱ्यांच्या याद्या करायचा. तीस वर्षांचा, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. दिनकररावांनी नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला नाही.

"तुम्ही वाचलंत असं ताई म्हणाली," तो म्हणाला.

"मी वाचलं. आता ते कसं केलं असेल ते मला शिकायचं आहे."

सूर्यभाननं शेजारचं स्टूल ओढून दिलं. "तुमच्याबद्दल एक ओळ सांगा. आजची. खरी."

"दिनकरराव आज एसटीनं उभे राहून परभणीला आले."

सूर्यभाननं बटणं दाबली. मोजून दोन मिनिटंही लागली नाहीत. काच त्यांच्याकडं वळवून तो म्हणाला, "वाचा."

दिनकररावांनी वाचलं. ओळ त्यांचीच होती आणि तिच्यापुढं तारीख होती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"हे यंत्र ऐंशीच्या मागं जात नाही, नाहीतर तुम्हाला निजामाच्या राज्यात नेलं असतं," सूर्यभान म्हणाला. "गुरुजी, यात काही नाही. यंत्राच्या पोटात एक घड्याळ असतं. फाईल लिहिली की यंत्र ते घड्याळ बघतं आणि जी तारीख दिसेल ती चिकटवतं. खरी की खोटी ते त्याला कळत नाही. घड्याळ मागं फिरवायला एक हुकूम लागतो. तुमचा महाराज खोटं बोलला नाही बघा, तारीख यंत्रच घालतं. फक्त घड्याळ कोण फिरवतं तेवढं त्यानं सांगितलं नाही."

दिनकरराव स्वतःशीच कडवट हसले. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागं केलं म्हणून उशिरा आलेलं पोरगं वेळेवर आलं असं होत नाही, हे त्यांनी कितीदा तरी पोरांना ऐकवलं होतं.

"मी येतो," सूर्यभान म्हणाला. "त्याच्याच पेटीवर करून दाखवतो."

"तुम्हाला ते पायरी चढू देणार नाहीत," दिनकरराव म्हणाले. म्हणताना त्यांची मान खाली गेली. "मला देतील. मलाच शिकवा."

ते लागोपाठ चार दिवस परभणीला गेले. पन्नाशीच्या माणसाची दोन बोटं त्या बटणांवर अडखळायची. जुन्या पुठ्ठ्यावर त्यांनी सगळी बटणं आखून घेतली आणि एसटीत मांडीवर ठेवून ते ती बडवत बसायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं, पेटी वाजवायला शिकता काय गुरुजी. चौथ्या दिवशी सूर्यभाननं आणखी एक गोष्ट सांगितली.

"तुमचा बाबा आळशी असणार. घड्याळ मागं घ्या, फाईल आहे तशी तिच्यावरच पुन्हा उतरवा म्हणजे नवी तारीख बसते, मग घड्याळ जागेवर आणा, एवढे हुकूम दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो. म्हणून ते सगळे एका छोट्या फाईलीत लिहून ठेवतात. नाव घेतलं की यंत्र वरून खालपर्यंत वाचतं आणि करतं. तसल्या फाईलीच्या नावाच्या शेवटी बी, ए, टी अशी तीन अक्षरं असतात. ती सापडली तर उघडा आणि मोठ्यानं वाचा." तो यंत्र बंद करत म्हणाला, "वाचायची सवय आहेच तुम्हाला."

दिनकररावांनी ते ऐकून घेतलं. ती तीन अक्षरं त्यांनी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली.

कार्तिकी पौर्णिमेच्या सकाळी मंदिरात पुन्हा गर्दी झाली. महाराज त्या दिवशी तिसरी फाईल उघडणार होते, गावाच्या शुद्धीची. तिकडं गायरानाच्या कडेला आश्रुबाच्या बैलगाडीत उतरंडीची मडकी चढली होती आणि घराच्या दाराची चौकट निघाली होती. मालनबाई आणि सूर्यभान मंदिराच्या पायऱ्यांखाली येऊन उभे राहिले. त्यांच्या आजूबाजूला आपोआप मोकळी जागा झाली.

"गुरुजी, या. वाचा," महाराज म्हणाले.

दिनकरराव पुढं गेले आणि चौरंगासमोर मांडी घालून बसले.

"उभ्यानं वाचा, गुरुजी. हे आसन आमचं आहे."

"गुडघे धरलेत, महाराज," दिनकरराव म्हणाले आणि बटणांवरचा हार उचलून बाजूला ठेवला. मग मान वळवून त्यांनी विचारलं, "दगडाबाई, आज घरी भाजी काय केली?"

"शेपू," दगडाबाई म्हणाली. "कामून?"

"सांगतो." त्यांची दोन बोटं चालू लागली. खट, खट, खट. महाराजांचं तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला स्वतःच आग्रह करकरून पेटीपुढं आणलं, त्याला सगळ्यांसमोर हात धरून उठवायचं कसं? ते हळूच खांबाकडं, विजेच्या बटणांच्या पाटीकडं सरकले. तिथं तात्याराव गिरणीवाले पाठ टेकून उभे होते.

"ऱ्हाऊ द्या की महाराज," तात्याराव म्हणाले. "तिन्ही काळ जाननारी पेटी हाय. गुरुजीनी दोन बटनं दाबली तर काय बिगडतंय?" आणि ते जागचे हलले नाहीत.

"वाचतो," दिनकरराव म्हणाले. आवाज तोच, वर्गातला. "दगडाबाईनं आज शेपूची भाजी केली. तारीख, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी."

मंडपातल्या माना दगडाबाईकडं वळल्या.

"ऐंशी सालाला तर माजं लगीन बी न्हवतं झालं," दगडाबाई म्हणाली. "म्या पोखर्णीला व्हते. अन् शेपू खातबी न्हवते."

पहिल्यांदा बाया हसल्या, मग पुरुष. महाराज ओरडले, "अपवित्र हात लागला. पेटी भ्रष्ट झाली, म्हणून वेडंवाकडं लिहिते."

"हात माझा आहे. परवापर्यंत याच हाताला तुम्ही प्रसाद देत होता," दिनकरराव म्हणाले. "आबासाहेब, तुम्ही सांगा तारीख. कोणती घालू?"

मागून कोणीतरी ओरडलं, "उद्याची घाला."

दिनकररावांनी उद्याची घातली. अजून न उगवलेल्या दिवशी आबासाहेब मंदिरात उभे होते असं पेटीनं लिहून ठेवलं. गावानं पुढं सरकून, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून ते पाहिलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. ज्यांना येत होतं त्यांनी स्वतः वाचलं, आणि रेणखेडात हे पहिल्यांदाच झालं.

मग दिनकररावांनी यादी उघडली. ओळी वर सरकत गेल्या. बी, ए, टी अशा शेपटीच्या दोन फाईली होत्या. त्यांनी पहिली उघडली.

"ही महाराजांची पोथी. ऐका. हुकूम पहिला, घड्याळ दोन ऑगस्टला न्या. हुकूम दुसरा, वेळ अकरा दहा करा. हुकूम तिसरा, भूकंपाची फाईल तिच्याच जागी पुन्हा उतरवा, म्हणजे तिच्यावर ही तारीख बसेल. हुकूम चौथा, घड्याळ परत आजच्या दिवसावर आणा. एवढीच ही सिद्धी. पुठ्ठ्यावर सराव करून मला चार दिवसांत आली. आता या पोथीचीच तारीख बघा, ती बदलायला महाराज विसरले. एक ऑक्टोबर. भूकंप झाला तीस सप्टेंबरच्या पहाटे."

कोणी हसलं नाही. त्या पहाटेची आठवण सगळ्यांनाच होती.

"दुसरी पोथी. गंजीवर दसऱ्याची तारीख घालणारी. हिची स्वतःची तारीख वीस नोव्हेंबर, सकाळी सात चाळीस. गंजी एकोणीसला जळाली. आबासाहेब, तुमची राख गार झाल्यावर हे भाकीत लिहिलंय, आणि त्यानंतर दोन तासांनी मी ते तुम्हाला वाचून दाखवलं."

महाराजांनी डोळे तांबडे केले, हात वर केला, "भस्म होशील" म्हणाले. दिनकररावांनी आपल्या हाताकडं पाहिलं, तो जागेवर होता. तेवढ्यात आठ-दहा जवान पोरं महाराजांवर धावली. एकानं छाटी धरली. कालपर्यंत हीच पोरं त्याच छाटीला डोकं लावत होती.

"मारू नका," दिनकरराव उठून मध्ये गेले. "मारलंत की उद्या हा शेजारच्या गावात जखमा दाखवून पुजून घेईल. माणूस आणि पेटी, दोन्ही पोलिसांत जातील. मी फिर्याद देतो."

"मला आधीच संशय आल्ता," आबासाहेब म्हणाले. "मानसाची बोली बगूनच आल्ता."

दिनकररावांच्या डोक्यात सणक गेली. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "संशय आला होता, तर आश्रुबाच्या दाराची चौकट का निघाली, आबासाहेब? मी मुकाट वाचलं आणि तुम्ही आनंदानं ऐकलंत, कारण जे ऐकायचं होतं तेच पेटीत होतं. गंजी कशी पेटली? मला माहीत नाही. बिडीनं पेटली, तारेच्या ठिणगीनं पेटली, कोणी पेटवली, मला माहीत नाही आणि तसं म्हणायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती माहीत नसताना माहीत असल्यासारखं वाचलं त्याची. एवढंच मागतो तुमच्याकडं. जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणा. महिनाभर पेडगावला दळण नेलंत तेवढं तरी आठवत जा. देव मानायचा तर माना, पण देवाच्या नावानं कोणी शेजाऱ्याचं घर मागितलं तर त्याच्याकडं पुरावा मागा, आणि पुरावा दिला तर तोही उलटापालटा करून बघा."

तात्याराव खांबापासून हलले. "गिरनी उघडतो," ते म्हणाले. "आश्रुबाचं दळन घेऊन या म्हनावं."

दिनकरराव पायऱ्या उतरून मालनबाई आणि सूर्यभानबरोबर गायरानाकडं गेले. गावातली पंधरा-वीस माणसं मागून आली. काही चौकट पुन्हा बसवायला आली होती, काही नुसती बघायला. आश्रुबा गाडीच्या जुवावर बसला होता. सूर्यभाननं घडलं ते सांगितलं. आश्रुबानं ते सगळं ऐकलं, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

"गुरुजी," तो म्हणाला, "माजा धाकला लेक तुमच्या वर्गात हाय. त्या दिशी तुमी वाचलं तवा त्यानं मला इचारलं, बाबा, तुमी खरंच गंजी पेटवली का? गुरुजी खोटं वाचत न्हाईत म्हनला. त्याला म्या काय सांगायचं व्हतं?"

"उद्या वर्गात मीच त्याला सांगतो," दिनकरराव म्हणाले. "सगळ्या पोरांसमोर. मी चुकलो म्हणून."

"सांगा," आश्रुबा म्हणाला. क्षमा केली असं तो म्हणाला नाही आणि दिनकररावांनीही मागितली नाही. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गाडीतलं मडकं उतरवायला हात घातला.

मालनबाईनं ते त्यांच्या हातून घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या माणसांकडं वळली. "यंत्राला काय दोस देता?" ती म्हणाली. "जो म्होरं बसंल त्याचं ते ऐकतंय. फुडच्या येळंला कुनी पेटी आनली, पोथी आनली, कागूद आनला, तर काय लिवलंय ते मागून वाचा. लिवलं कुनी अन् कवा, ते आधी इचारा. आमचं घर मोडायच्या आधी इचारा."

दोघेजण पुढं आले आणि त्यांनी दाराची चौकट उचलली.